द्राक्षबागेतला गरुड

मी थापाड्या माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं तुम्हाला त्रास नको. सांगलीत माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. दुकान एवढं प्रशस्त की आत एक तर मी मावायचो, नाहीतर पंप. मग पंप आत ठेवून मी रस्त्यावर स्टुलावर बसायचो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थापा मारायचो. ऊन जरा चढलं की सांगायचो, आज स्टँडसमोर एकाची चप्पल डांबरात चिकटली; तो घरी जाऊन जेवून, झोपून, संध्याकाळी येऊन घेऊन गेला. लोक हसायचे आणि हसता हसता पंक्चर काढून घ्यायचे. धंदा त्यावरच चालला होता म्हणा ना.

दर रविवारी उजाडायच्या आत माझ्याकडून सायकली नेणारी एक टोळी होती. टोळीचे म्होरके कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे सर. त्यांच्याकडं मिरजेच्या जुन्या बाजारातून आणलेली दुर्बीण होती. तिच्या एका डोळ्यातून मोर दिसायचा आणि दुसऱ्यातून पाचगणीचं धुकं. दुसरे आमचे आण्णा, हळदीचे व्यापारी, जैन माणूस. अंगाला, कपड्याला, सायकलच्या सीटला, सगळीकडं हळद. आण्णा झाडाखाली उभे राहिले की वरचा हळद्या पक्षी भावकीतला कुणीतरी आला म्हणून खाली वाकून बघायचा. आण्णा चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून एवढे जपायचे की आम्ही पक्षी बघून परत येईपर्यंत ते जेमतेम बांधापर्यंत पोचलेले असायचे.

त्या काळात ‘आम्ही पाखरं बघायला जातो’ असं सांगितलं तर लोक चेहऱ्याकडं निरखून बघायचे. मीही बघितलं होतं. पण ही मंडळी सायकली परत आणायची तेव्हा दोन्ही ट्यूबांत अख्खी बाभळ रुतलेली असायची. म्हणून सायकली राखायला मी त्यांच्याबरोबर जायला लागलो. निदान बायकोला मी तसंच सांगत होतो. तिथं माझं काम एकच. सरांनी दिवसभरात जेवढे पक्षी बघितले असतील, त्यांच्या दसपट मी संध्याकाळी कट्ट्यावर सांगायचे. सर म्हणायचे, “तू एक वेगळीच जात आहेस. एकटा उडतोस, पण थवा दिसतोस.”

बांगलादेशची लढाई होऊन गेली होती, मागचा दुष्काळही सरला होता, त्या सुमाराचा तो चैत्र. एका सकाळी दुकानासमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला फेटा, मिशा पांढऱ्या, आणि पाठ इतकी ताठ की शेजारच्या सायकलींनी स्टँड नीट लावून घेतले. पलटणीतून सुभेदार म्हणून उतरलेला, तासगावच्या अलीकडं द्राक्षबाग असलेला माणूस. सर आणि आण्णा तेव्हा योगायोगाने माझ्याकडंच चहा पीत बसले होते.

“ते पाखरं बगणारं तुमीच का?”

“मी सायकली देतो. बघणारे हे सर.”

म्हातारा सरांकडं वळला. “समदी पाखरं वळखता?”

“बऱ्यापैकी,” सर म्हणाले.

“कावळा?”

सरांना वाटलं, चेष्टा चाललीय. “कावळा कोण ओळखत नाही, सुभेदार?”

“वळखायचा न्हाई. आणायचा हाय.”

मग उभ्यानंच, पहाऱ्यावरचा जवान वर्दी देतो तसल्या आवाजात, त्यांनी सांगितलं. एकुलता मुलगा पलटणीत. लढाईत नदी उतरताना पाण्यात गेला, तो वर आलाच नाही. अंगावरचं कापडसुद्धा हाती लागलं नाही. गेला असं धरून चाला, म्हणून वरून कळवलं. यांनी कृष्णेवर दहावं घातलं. पिंडाला कावळा शिवला नाही. दुपार कलली तेव्हा भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू आणि त्याच्या चोचीनं शिववू, तसं चालतं.

“म्या म्हनालो, न्हाई. पलटणीत गवताचा जवान चालत न्हाई, तर हितं गवताचा कावळा कसा चालंल?”

तेव्हापासून दर अमावास्येला ते मळ्यात पान वाढायचे आणि वाट बघायचे. कावळा यायचा नाही.

“माजी मालकीण म्हनती, पोरगं जित्तं हाय म्हनूनच शिवत न्हाई. मी म्हनतो, गेलं. शास्तर म्हंजे शास्तर. पर घरात सून हाय. तिच्या भावानं पाचगणीच्या एका शाळंत पोरींचं शिवणकाम बगायची नोकरी तिच्यासाठी ठरवून ठिवलीया. शाळा उगडायच्या आत जायाला पायजे. पर कावळा शिवल्याबिगर धाडू कशी? ती आज सवाष्ण बी न्हाई आन रांड बी न्हाई.” म्हाताऱ्यानं घसा साफ केला. “ह्या रविवारी अवस हाय. तुमी पाखरांची मानसं. काय तरी युक्ती असंलच की.”

सर समजावून सांगायला लागले, “अहो, पक्षी असे कुणाच्या सांगण्यावरून...” तेवढ्यात आण्णांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. आण्णांचे डोळे भरले होते. “येतो सुभेदार,” आण्णा म्हणाले. “तुमच्या मळ्यावर पाखरं बघायला येतो, आणि मग त्याचंही बघू.”

रविवारी तांबडं फुटायच्या आत निघालो. कुपवाडच्या अंगानं माळावर नव्या कारखान्यांची पत्र्याची छपरं उभी राहत होती, तिथून पुढं तासगावचा रस्ता. वाटेत मी नेहमीसारखा बडबडत होतो. माझ्या आजोबांनी कावळा पाळला होता आणि तो आठवडी बाजारातून मिरच्या निवडून आणायचा, वगैरे. कुणी हसलं नाही. आण्णांनी सायकलच्या हँडलला दाण्यांची पिशवी अडकवली होती, ती तेवढी प्रत्येक खड्ड्यात खुळखुळत होती.

मळा फार देखणा होता. विहिरीवर मोठा लिंब, त्याला फुलोरा आलेला. वास असा की माणसानं नुसता श्वास घेऊन न्याहारी उरकावी. पलीकडं ओढा, ओढ्याच्या बांधावर आंबा, आणि मधोमध तारांच्या मांडवावर चढवलेली द्राक्षबाग. सुभेदारांनी आम्हाला मळा फिरवला तो तपासणीला साहेब आल्यासारखा. लिंबावर शिंजीर लटकत होते, तारेवर वेडे राघू, बांधावर भारद्वाज. सर एकेक नाव सांगत, आणि सुभेदार एकेकासमोर क्षणभर थांबत. तांबटाची टुकटुक चालू होती.

“ह्यो कवापासनं टकटक करतोय. मला वाटलं शेजारी इंजिन हाय,” सुभेदार म्हणाले, आणि जरा हसले. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच हसू.

ऊन वर आलं तशी सुनेनं विहिरीजवळ, लिंबाच्या सावलीला केळीचं पान मांडलं. भात, वरण, वडे, खीर, आणि दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. ती त्याची आवडती, असं ती हळूच म्हणाली. वयानं फार लहान होती. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, पण ती सारखी पदर पुढं ओढून ते झाकत होती, जणू ते कुणाकडून उसनं आणलंय. खोपटाच्या दारात म्हातारी, म्हणजे तिची सासू, आमच्याकडं पाठ करून ज्वारी पाखडत बसली होती. आम्ही आलो तेव्हा तिनं “आलासा?” एवढंच विचारलं होतं, तेही सुपाला.

सुभेदार पानापासून चार पावलं मागं सरले, आभाळाकडं तोंड केलं आणि कवायतीच्या आवाजात सुरू झाले. “तुज्या आईला संभाळीन! तुजी बाग वाळू देनार न्हाई! तुज्या बायकूला मानानं धाडीन! आता ये रं! खाऊन जा!”

सुपाचा आवाज थांबला. “कशाला वरडताय?” म्हातारी पाठ न वळवता म्हणाली. “ज्याला बलावताय त्यो तिकडं कुटंतरी जेवत असंल. त्याच्या घासाला ठसका लागंल.”

“गप!” सुभेदार म्हणाले. “गेला त्यो. किती येळा सांगायचं?”

आम्ही वाट बघत राहिलो. मग आण्णांनी खाली बघत, लाजत, एक बारीक “काव” केलं. मग जरा मोठं. मग मीही घसा मोकळा केला. सर कॉलेजात खडू पडला तरी आवाज होऊ नये अशा बेताने उचलणारे, पण त्यांनीही डोळे मिटून “काव, काव” सुरू केलं. सांगलीतली तीन प्रतिष्ठित माणसं, म्हणजे मला अर्धा धरून अडीच, भर दुपारी परक्याच्या मळ्यात आभाळाकडं बघून कावळ्यासारखी ओरडत होती. एरवी ह्यावर मी कट्ट्यावर महिनाभर जेवलो असतो. पण सून पानावरची माशी वारत बसली होती, तिच्याकडं बघितलं आणि माझा काव घशातच राहिला.

कावळा आला नाही. आंब्यावरून कोकीळ मात्र ओरडला.

सरांनी कान टवकारले. पुन्हा ओरडला. सर दुर्बीण घेऊन ओढ्यापर्यंत गेले, तिचा शहाणा डोळा लावून पलीकडं बराच वेळ बघत राहिले आणि घाईघाईनं परत आले.

“सुभेदार, कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. हे दिवस त्याचेच आहेत. कोकीळ इथं रेंगाळतोय म्हणजे कावळा जवळ असणारच, असं मला वाटलं, आणि आहे. त्या शेजारच्या बाभळीवर घरटं आहे, कावळी बसलीय. आणखी चार-दोन त्या शेतात फिरतायत. पण ओढा ओलांडून एकही इकडं येत नाही. म्हणजे ह्या मळ्यात त्यांना कशाची तरी दहशत बसलीय.”

सुभेदारांनी फेटा सारखा केला. सारखाच होता तो. “असंल,” ते म्हणाले. आवाज एकदम माणसासारखा झाला होता. “बगा की. हुडका.”

सर पुन्हा ओढ्याकडं गेले. आण्णा विहिरीभोवती, पायाखालच्या मुंग्या चुकवत, फिरायला लागले. मी द्राक्षबागेत शिरलो. खरं सांगतो, एखादा विसरलेला घड मिळतो का, हे बघायलाच. पण बाग कधीच उतरून झाली होती. छाटणीही झाली होती. मांडवावर नुसत्या उघड्या काड्या होत्या आणि त्यांना बोटाच्या पेराएवढे कोंभ. मी वाकून आत गेलो, तर बागेच्या बरोबर मध्ये, तारेला, एक मेलेला कावळा उलटा टांगलेला.

बागायतदार कावळा टांगतात हे मला ठाऊक होतं. घड भरले की एखादा टांगायचा; बाकीचे कावळे येतात, वरून घिरट्या घालून बोंबलतात आणि मग त्या वाटेला फिरकत नाहीत. पण ते घड असतात तेव्हा. आता त्या काड्यांवर राखायला काय होतं? आणि कावळा तर ताजा होता. पंखावरची चमकसुद्धा गेली नव्हती. एक पाय सुतळीनं बांधलेला, गाठ नेमकी, सुतळीचं उरलेलं टोक कापून आत खोचलेलं. त्या घरात अशी शिस्तीची गाठ मारणारा माणूस एकच होता.

“बगितलासा न्हवं?”

मागं सून उभी होती. हातात रिकामी कळशी.

“वैनी, हे...” मला पुढं बोलता येईना. मला!

“दराक्षं हुती तवा एक टांगलावता. त्यो रितीचा. बाग उतरली, वाटलं, आता काडत्याल. तर अवस आली का नवा असतुय. अंधारातच गोफण घिऊन भाईर पडत्यात. आमी झोपल्यात, असं समजून.”

“पण तेच तर म्हणतात, मुलगा गेला म्हणून.”

“त्येंनी म्हनायचं, गेला. आत्तीनं म्हनायचं, हाय. असं दोगं भांडत्यात म्हनून तर घर चाललंय. आत्ती रडाय लागली की रागं भरत्यात. आन हितं यिऊन ह्ये बांदत्यात.” तिनं कळशी या हातातून त्या हातात घेतली. “कावळा शिवला की त्येंच्याजवळ काय ऱ्हानार?”

मी म्हटलं, मी काढून टाकतो. नाहीतर तू तरी सांग त्यांना.

“सुनंनं सांगायचं? मग म्हाताऱ्याचं डोळं वर उटत्याल का कुनाम्होरं? आन मी काडला, तर त्यास्नी वाटंल, त्येंचा ल्योक मीच मारला. त्येंनीच काडाय पायजे. त्येंच्या हातानं.” ती जरा थांबली. “माजी ट्रंक भरून दारामागं हाय. दिवाळीपासनं. त्यातलंच लुगडं काडून नेसते आन धुऊन परत त्यातच ठिवते.”

एवढं बोलून ती पाण्याला निघून गेली. मी त्या कावळ्याखाली उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मला कुठल्या विषयावर मत नव्हतं असा क्षण तोवर आला नव्हता.

परत आलो तेव्हा सर आणि आण्णा लिंबाखाली आले होते. सुभेदारांनी आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. चपलेला बागेतली ओली माती होती, सदऱ्याला छाटलेल्या काडीचं साल अडकलं होतं. म्हाताऱ्यानं ओळखलं. मी ओळखलं की त्यानं ओळखलं.

“बागंत गेलतासा?” त्यांनी विचारलं. “काय बगितलंसा?”

सूप थांबलं. सून कळशी टेकवून उभी राहिली. आता मी जे बोलेन त्यावर तिची ट्रंक होती, आणि म्हाताऱ्याची मानही.

“गरुड!” मी म्हणालो.

“काय?” सर किंचाळले.

“गरुड, सर. बागेच्या मधोमध. बसला होता तर मांडव खाली दबला होता. पंख पसरले तर ह्या विहिरीवर झाकण पडेल. चोच अशी, की नांगराला लावा. ह्याच्यामुळंच कावळ्यांची टाप नाही इकडं यायची.”

“तासगाव तालुक्यात गरुड? कुठल्या जातीचा? छातीवर रेघा होत्या का? पायावर पिसं होती?”

“मी बघणार होतो सर, पण आधी त्यानंच मला बघितलं.”

“हे शक्यच नाही. चल, मला दाखव, मला आत्ता...” सर दुर्बीण गळ्यात अडकवून निघालेच. तेव्हा आण्णा, मुंगी मरेल म्हणून टाच न टेकवणारे आण्णा, पुढं झाले आणि त्यांनी सगळ्या वजनानिशी सरांच्या पायावर पाय दिला. सर जागच्या जागी थांबले. त्यांनी आण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि दुर्बीण हळूच पोटाशी धरली.

मी सुभेदारांकडंच बघत होतो. “लय म्हातारा झालाय हो तो,” मी म्हणालो. “पिल्लू उडून गेलंय, पण राखायची सवय सुटत नाही. दगड नको मारायला. तुमचा मळा, तुम्ही एकटेच जा. तुमचं ऐकेल तो.”

मिशीखाली सुभेदारांचा ओठ हलत होता. मग ते वळले, खोपटाला टेकवलेलं खोरं उचललं आणि बागेकडं चालायला लागले.

“गरुडाला खोरं कशाला?” म्हातारी म्हणाली. पाठ अजून आमच्याकडंच होती.

ते थांबले नाहीत.

बराच वेळ गेला. बागेतून खोऱ्याचा आवाज यायला लागला. एक घाव, मग थांबायचा, मग दुसरा. आम्हाला सगळ्यांना तो ऐकू येत होता आणि आम्ही सगळे पानाकडं बघत होतो. तांबटाची टुकटुक तेवढी दोन घावांच्या मधल्या जागा भरत होती. मग आवाज बंद झाला, आणि तरीही म्हातारा लवकर बाहेर आला नाही.

आला तेव्हा हात मनगटापर्यंत मातीनं भरलेले होते. फेटा सुटून खांद्यावर आला होता. त्या माणसाला वाकलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

“उडवला,” ते म्हणाले.

तेव्हा म्हातारी उठली. आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. सुभेदार तिच्यासमोर गेले आणि त्यांनी हात पुढं केले. तिनं त्यांच्या हातांवर पाणी घातलं. मग पायांवर घातलं. मातीला जाऊन आलेल्या माणसाच्या पायांवर घरची बाई घालते, तसं.

“लांब गेला का?” तिनं विचारलं.

“लय लांब,” ते म्हणाले.

तिनं रिकामा तांब्या पालथा घातला. मग तशीच चालत पानापाशी आली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पानाकडं तोंड करून बसली.

आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. कावळे ओढ्यापलीकडं दिसत होते, पण कुणी आलं नाही. सर हळू आवाजात म्हणाले, “वेळ लागतो. एकदा धसका बसला की विश्वास यायला वेळ लागतो.” आण्णांनी हँडलची पिशवी सोडून सगळे दाणे बांधावर ओतले. सुभेदार आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. निरोप घेताना त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या वाटेवर, कुपवाडच्या माळावर सर माझ्या बरोबरीला आले.

“गरुड नव्हता ना?”

“नव्हता.”

“मग काय होतं?”

मी पायडल मारत राहिलो. सर म्हणाले, “बघितलं त्यापेक्षा कमी सांगितलंस असं तुझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालंय.”

त्या संध्याकाळी कट्ट्यावर मंडळी वाट बघत बसली होती. काय काय बघितलं, म्हणाले. मी सांगितलं, दोन बुलबुल. त्यांना वाटलं मला ऊन लागलं.

मृगाचे ढग यायला लागले, शाळा उघडायचे दिवस आले. एका सकाळी एक गिऱ्हाईक माझी सायकल एस.टी. स्टँडवर टाकून मुंबईला निघून गेलं होतं, ती आणायला मी गेलो. पाचगणीच्या गाडीजवळ एक हिरवी ट्रंक दिसली, आणि ट्रंकेशेजारी ती. कपाळ मोकळं होतं. कुंकवाच्या जागी फिकट गोल डाग राहिला होता, बाकी कपाळ उन्हानं रापलेलं. सुभेदार गाडीच्या टपावर चढून हमालाला ट्रंक कशी बांधायची ते शिकवत होते.

“शिवला?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. “पुढल्या अवसंला. पान मांडून मी सरले न सरले तवर आला. आदी चटनीच खाल्ली.”

“आणि म्हातारी?”

“मला वाटलं, हाकलंल. उटली बी हुती. मग परत खाली बसली. म्हनाली, खाऊ दे, लय दिसाचा उपाशी हाय.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मामंजी हिरीमागं गेलं ते दिस मावळंस्तवर आलंच न्हाईत. आत्तीनंच जाऊन हाताला धरून आनलं.”

कंडक्टरनं घंटी मारली. ती गाडीत चढता चढता वळली. “तुमास्नी बलवायचं मीच सुचवलंवतं. तुमी कुनी ती बाग बगाल, म्हनून.”

सुभेदार टपावरून उतरले. खिडकीत तिच्या हातात काहीतरी पुरचुंडी दिली, तिनं त्यातली अर्धी भाकरी मोडून त्यांच्याच हातात परत ठेवली. “उंब्रजला गाडी लय येळ थांबती. उतरू नगंस,” ते म्हणाले. “पानी बी आतच मागवून घे.” गाडी हलली. कराडच्या रस्त्याला वळेपर्यंत ते ताठ उभे होते. मग मला बघितलं.

“आवं, गावात समद्यास्नी सांगितलं म्या,” ते म्हणाले. “गरुडाचं.”

“कुठला गरुड, सुभेदार? मी आपलं...”

“तुमी कमीच सांगितलंसा. तुमाला नीट दिसला न्हाई. पंख पसरलं तवा अख्ख्या बागंवर सावली पडलीवती.” ते माझ्याकडं बघत नव्हते. “जाताना एकडाव मागं वळून बगितलं त्यानं.”

“बघितलं असेल,” मी म्हणालो. एवढी वर्षं लोकांनी माझ्या थापा ऐकून घेतल्या, त्यांना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मला ती थाप संपूच नये असं वाटत होतं.

स्टँडच्या पत्र्यावर कावळ्यांची रांग बसलेली होती. सुभेदारांनी हातातल्या अर्ध्या भाकरीचा तुकडा मोडून टाकला. एक कावळा उतरला, पण खायच्या आधी मान वर करून ओरडला.

“ह्यो खाईत का न्हाई? वरडतोय कशाला?”

“दुसऱ्यांना बोलावतोय.”

सुभेदारांनी माझ्याकडं वळून बघितलं. “ह्ये तरी खरं का?”

“खरं. सरांना विचारा.”

त्यांनी उरलेली भाकरी बारीक बारीक कुस्करली आणि सगळी एकदम नाही टाकली. थोडी थोडी टाकत राहिले. कावळे येत गेले. मी माझी सायकल घेतली, स्टँड काढला, आणि मग पुन्हा लावला आणि त्यांच्याशेजारी उभा राहिलो.